मधल्या रस्त्याचं काय करायचं?

बेथेस्डा या अमेरिकी कंपनीचे दोन व्हिडिओ गेम शेजारी ठेवले की फास्ट ट्रॅव्हलचा, म्हणजे मधला रस्ता न चालता थेट ठिकाणी उडी मारण्याचा, सगळा वाद समोर येतो. २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये सेडा नीन या किनाऱ्यावरच्या गावातून बालमोराला जायचं, तर गावाबाहेर उभ्या असलेल्या सिल्ट स्ट्रायडरपाशी जावं लागतं. हा घराहून उंच, काटकुळ्या पायांचा किडा. त्याच्या पाठीच्या कवचात कोरलेल्या जागेत बसायचं आणि हाकणाऱ्याच्या हातावर पैसे टेकवायचे. या किड्यांचे मार्ग एसटीसारखे ठरलेले. मार्ग संपतो तिथून पुढे होडी, नाहीतर जादूगारांच्या संघातला कुणीतरी पैसे घेऊन दुसऱ्या शहरातल्या संघात पोचवतो. आडगावाला जायचं तर मध्ये बदलावं लागतं. शिवाय मंत्र आहेतच: एकाने जागेवर खूण करून ठेवायची, दुसऱ्याने तिथे परतायचं. म्हणजे क्षणात पोचणं मॉरोविंडमध्येही होतं, पण ते खेळातल्या बेटाच्या व्यवहाराचा भाग होतं. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) त्या जागी नकाशा आला. शहरावर क्लिक केलं की वेशीपाशी हजर. मोठी शहरं तर तिथे कधी पाऊलही न टाकता पहिल्यापासून खुली.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की ज्याला नको त्याने वापरू नये. तो फसवा आहे. मॉरोविंडमध्ये काम सांगणारी माणसं रस्ताही सांगायची: पूल ओलांडा, नदीच्या काठाने उत्तरेला जा, फाट्यावर डावीकडे वळा. (कधी ते चुकीचंही सांगत, आणि खेळाडू राखेच्या वादळात भटकत बसे.) ऑब्लिव्हियनमधल्या माणसांना पत्ता सांगायची गरज उरली नाही, कारण होकायंत्रावर खूण आली. खेळाडू उडी मारूनच येणार हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलं, त्यामुळे एका निरोपासाठी त्याला राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला पिटाळण्यात कुणाला काही वावगं वाटेना. अशा खेळात हट्टाने पायी चालणाऱ्याला रस्ता मिळतो, पण त्या रस्त्याविषयी कुणी त्याच्याशी बोलत नाही. ‘स्कायरिम’ने (२०११) आधी पाहिलेल्या जागीच उडी घेता येईल अशी अट घातली, शहरांबाहेर घोडागाड्या उभ्या केल्या. कामांची आखणी मात्र तीच राहिली.

सोय म्हणून ही उडी जुनीच. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात छतावरून पळत शेवट गाठला की थेट चौथ्या जगात नेणारा पाइप सापडतो, ते शोधणाऱ्याला दिलेलं बक्षीस होतं. बेथेस्डाच्याच ‘डॅगरफॉल’चा (१९९६) मुलूख संगणकाने रचलेला, अवाढव्य, आणि दोन गावांच्या मध्ये पाहण्यासारखं जवळपास काहीच नाही. तिथे प्रवास सावधपणे करायचा की बेधडक, रात्री सराईत काढायच्या की उघड्यावर, जहाजाने जायचं की जमिनीवरून, हे ठरवून दिवस आणि पैसे मोजायचे. मला ही रचना आजही प्रामाणिक वाटते. मधला रस्ता रिकामा आहे हे ती लपवत नाही.

या विषयात सर्वांत शिकण्यासारखा खेळ मात्र फ्रॉमसॉफ्टवेअरचा ‘डार्क सोल्स’ (२०११), कारण त्याच्या एकाच पोटात दोन्ही बाजू आहेत. जवळजवळ निम्म्या खेळापर्यंत उडी नाही. त्यामुळे हिदेताका मियाझाकी आणि त्यांच्या चमूला लॉर्डरनचा मुलूख स्वतःवरच दुमडून रचावा लागला. वर वर चढत, मरत, पुन्हा चढत खेळाडू अनडेड पॅरिशच्या चर्चपाशी पोचतो. तिथल्या लिफ्टमध्ये पाय ठेवतो, ती खाली खाली जाते, आणि दार ओलांडल्यावर समोर फायरलिंक श्राइन: जिथून सुरुवात केली तीच शेकोटी. त्या क्षणी सगळा भूगोल एकदम डोक्यात बसतो. नकाशा या खेळात नाहीच, आणि त्याची उणीवही भासत नाही. पुढे अनॉर लोंडोमध्ये लॉर्डव्हेसल नावाचं भांडं हाती येतं आणि शेकोटीतून शेकोटीत जाता येऊ लागतं. आता त्यानंतरचे भाग पाहा: लॉस्ट इझालिथ, टूम्ब ऑफ द जायंट्स, ड्यूक्स आर्काइव्ह्ज. आत जायचं, शेवटच्या राक्षसाला मारायचं, उडी मारून परतायचं. या वाटा कुठेच निघत नाहीत. बनवणाऱ्यांना वेळ कमी पडला असेलही. पण परतीची वाट रचण्याची गरजच उरली नव्हती, हेही खरं.

म्हणून उडी वाईटच, असं मात्र म्हणवत नाही. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) ती जवळपास सुरुवातीपासून फुकट मिळते आणि तरी लिमग्रेव्हचा मुलूख चालावासा वाटतो. नकाशा आधी खुणांनी भरलेला नसतो, आणि प्रत्येक जागा पहिल्यांदा स्वतःच शोधावी लागते. तिथे वाचतं ते फक्त दुसऱ्यांदा जाणं.

यंत्रं वेगवान झाली तशी आणखी एक गोष्ट गेली. २०१८च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये उडी घेतली की स्पायडर-मॅन न्यू यॉर्कच्या सबवेत बाकीच्या प्रवाशांत बसलेला दिसायचा. ते लोडिंग झाकण्यासाठी होतं, पण त्यात विनोद होता, शहर होतं. २०२३च्या दुसऱ्या भागात नकाशावर बटण दाबून धरलं की क्षणात आपण तिकडच्या हवेत झोका घेत असतो. तांत्रिक कसब म्हणून थक्क करणारं, आणि तरी मला सबवेच आठवते. त्याच वर्षीच्या ‘स्टारफील्ड’मध्ये हजारांहून जास्त ग्रह आहेत, आणि अंतराळप्रवास म्हणजे बहुतेक वेळा याद्यांमागून याद्या उघडणं. जहाज हौसेने बांधायचं आणि त्यातून जायचं मात्र मेनूमधून!

उडीला किंमत लावणारे खेळ अधिक रंगतात. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये (२०१८) नकाशावर एक बाहुली बोहेमियाच्या वाटांवरून सरकते, वेळ जातो, मध्येच कुणी अडवतं. ‘हॉलो नाइट’मधला (२०१७) पाठीवरून नेणारा म्हातारा स्टॅग एकेक स्थानक उघडेल तसा जुन्या गोष्टी आठवू लागतो, तिथे वाहनच एक पात्र आहे. दिग्दर्शक हिदेओ कोजिमांच्या ‘डेथ स्ट्रँडिंग’ने (२०१९) तर नेमकी नस पकडली. फ्रॅजाइल नावाची बाई छत्री उघडून नायकाला दूर पोचवते, पण पोचवायचा माल सोबत नेता येत नाही. हमालाच्या खेळात मालाविना पोचून उपयोग काय?

‘ड्रॅगन्स डॉग्मा २’चे (२०२४) दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांची भूमिका अशी, की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष खेळाचा. म्हणून त्यांनी उडीचे फेरीस्टोन महाग आणि एकदाच वापरता येणारे ठेवले, बैलगाड्या दिल्या, आणि त्या गाड्यांवर ग्रिफिन सोडला. गाडीचा चुराडा झाला की उरलेली वाट पायी. यातून निघणारे किस्से दुसऱ्या कुठल्या खेळात मिळत नाहीत. पण खेळ आला त्याच दिवशी कॅपकॉमने दुकानात उडीचं ठिकाण ठरवणारा पोर्टक्रिस्टल खऱ्या पैशांत विकायला ठेवला. एकच, खेळातही मिळणारा. तरी खेळाडू चिडले, आणि ते रास्तच होतं. मला त्याहून खटकतं ते वेगळंच. टंचाई निर्माण केल्याने रस्ता आपोआप चांगला होत नाही. त्याच वळणावर तेच गॉब्लिन तिसऱ्यांदा झुडपातून बाहेर आले की हात फेरीस्टोनकडे जातोच, आणि तेव्हा इत्सुनोंचं वाक्य त्यांच्याच खेळाला लावावं लागतं.