हिसकावलेला ढोल, लादलेली हलगी

लेरॉय जोन्सचं ‘ब्लूज पीपल’ मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा डोक्यावर घेऊन नाचलो. दुसऱ्यांदा त्याच्याशी भांडलो. तिसऱ्यांदा वाचताना माझा बाप मध्येच येऊन बसला आणि पुस्तक पुढं सरकेना. बाप आता नाही. पण तेव्हा लागलेलं भांडण मिटलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

रॉक आणि पॉप गाण्यांचा अभ्यास हा आज विद्यापीठातला रीतसर व्यवसाय झालाय. १९८१ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, त्याच साली केंब्रिजहून ‘पॉप्युलर म्युझिक’ हे नियतकालिक सुरू झालं. पीएचड्या होतात, परिषदा भरतात. आपल्यातला एखादा कार्यकर्ता म्हणेल, पोटाला भाकर नाही आणि हे कसले चोचले? थांब दोस्ता. जमीन कुणाच्या नावावर आहे हे आपण विचारतो ना? मग गाणं कुणाच्या नावावर आहे, त्याचा अर्थ कोण लावतो, हेही विचारलं पाहिजे.

हा अभ्यास सुरू करणाऱ्यांत एक जर्मन तत्त्वज्ञ होता, आडोर्नो. हिटलरच्या तडाख्यातून सुटून अमेरिकेत आलेला. १९४१ च्या निबंधात त्यानं मांडलं की पॉप गाणं म्हणजे कारखान्यातला माल. एकच साचा, वरून नवेपणाचा रंग, आणि ऐकणारा बधिर. बाजाराबद्दल हे खोटं नाही. पण आडोर्नो गाण्याकडं वरून बघतो. गाणाऱ्याच्या दारात तो कधी जात नाही.

जोन्स त्या दारातूनच बाहेर येतो. नेवार्क शहरातला, १९३४ चा जन्म. कवी, नाटककार. १९६७ च्या नेवार्कच्या उठावात पोलिसांनी याचं डोकं फोडलं. पुढं त्यानं नाव बदलून अमिरी बराका केलं, २०१४ साली वारला. ‘ब्लूज पीपल’ १९६३ चं. त्याचं म्हणणं सरळ आहे. आफ्रिकेतून धरून आणलेला माणूस गुलाम झाला, गुलामाचा नावापुरता नागरिक झाला. या प्रवासाची कागदपत्रं मालकाच्या हातची आहेत. मग त्याची साक्ष कुठं शोधायची? गाण्यात. शेतातली हाळी, चर्चमधलं गाणं, ब्लूज, जाझ. माणसाची स्थिती बदलली की गाणं बदलतं. गाणं ऐका, इतिहास कळेल.

या पुस्तकात एक प्रकरण आहे, ते प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. ‘स्विंग’ या शब्दाचं काय झालं, याची ती गोष्ट. काळ्या वादकांच्या तोंडी स्विंग हे क्रियापद होतं. वाजवताना करायची गोष्ट. १९३० नंतर बाजार आला आणि त्या क्रियापदाचं नाम झालं. स्विंग नावाचा माल तयार झाला, आणि त्याचा राजा म्हणून मिरवला गोरा बेनी गुडमन. गुडमन वाजवत होता त्यातल्या कितीतरी रचना बांधल्या होत्या फ्लेचर हेंडरसन या काळ्या माणसानं. हेंडरसनचा स्वतःचा ताफा १९३४ साली मोडला होता. त्यानं रचना विकल्या. करणारा एक, राजा दुसरा. व्याकरणातून शोषण दाखवणारा असा समीक्षक मी दुसरा पाहिला नाही.

अशी उदाहरणं पुढं मी स्वतः जमवत गेलो. १९२० साली मेमी स्मिथनं ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. रचना पेरी ब्रॅडफर्डची. काळ्या गायिकेची ब्लूजची रेकॉर्ड काढायला कंपन्या तयार नव्हत्या, ब्रॅडफर्डनं उंबरे झिजवले. रेकॉर्ड धडाधड खपली. मग कंपन्यांना काळा माणूस गिऱ्हाईक म्हणून दिसला आणि त्यांनी वेगळी यादी काढली, ‘रेस रेकॉर्ड’. गाण्यालासुद्धा गावकुसाबाहेरची वस्ती! १९४९ साली ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकानं ते नाव काढून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केलं. पाटी बदलली, वस्ती तिथंच राहिली.

आणि ‘हाउंड डॉग’. बिग मामा थॉर्न्टननं १९५२ साली ते ध्वनिमुद्रित केलं, १९५३ साली ते गाजलं. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीनं ते गायलं आणि आज जग ते एल्व्हिसचं म्हणून ओळखतं. इथं ‘गोऱ्यानं काळ्याचं चोरलं’ एवढं म्हणून आपण टाळ्या घेतो. मीही घेतल्यात. पण ते गाणं लिहिणारे लीबर आणि स्टोलर ही दोन गोरी ज्यू पोरं होती. मग थॉर्न्टनचं त्यात काय होतं? गळा होता. गुरगुर होती, दम होता, शब्द कुठं ताणायचा आणि कुठं फेकून मारायचा याची अक्कल होती. कायद्याला कागदावरचे शब्द आणि चाल दिसते, गळा दिसत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं ध्वनिमुद्रणाला कॉपीराइट दिला तोच मुळी १९७२ साली, आणि तोही पुढच्या रेकॉर्डना. चोरी अशी कायदेशीर असते. आपल्याला हे नव्यानं सांगायला नको.

हे झालं पहिलं वाचन. आता भांडण.

१९६४ साली राल्फ एलिसननं या पुस्तकाचा समाचार घेतला. ‘इनव्हिजिबल मॅन’ लिहिणारा एलिसन. तोही काळा, तरुणपणी ट्रम्पेट वाजवणारा, संगीत शिकलेला. त्याचं म्हणणं असं, की जोन्सनं ब्लूजवर समाजशास्त्राचं इतकं ओझं टाकलंय की बिचारं गाणंच वाकलं. गुलामीतला माणूससुद्धा नुसता गुलाम नव्हता. तो नाचत होता, थट्टा करत होता, प्रेम करत होता, सुंदर काहीतरी घडवत होता. ते सगळं हक्काच्या लढ्याच्या हिशेबात कसं बसवणार?

मला आधी राग आला. म्हटलं, हा प्रस्थापितांच्या पंगतीला बसलाय. नंतर स्वतःकडं बघितलं आणि गप्प झालो. आपण काय करतो? गाण्यात संदेश किती टक्के आहे ते मोजतो. बाबासाहेबांचं नाव आलं, पास. नाही आलं, नापास. चाल, ठेका, गळा यांवर आपल्या समीक्षेत एक ओळ नसते. वामनदादांवर लिहितानाही आपण छापील शब्द वाचतो आणि त्यांचा आवाज विसरतो. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं त्या ड्यू बॉइस यांचं पुस्तक उघडून बघा, १९०३ चं ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर गुलामांच्या गाण्याची स्वरलिपी छापलीय. शब्द नाहीत, नुसते सूर. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांना जे कळलं ते आपल्याला अजून कळायचंय.

जोन्सनं स्वतःही पुढं पाऊल टाकलं. १९६६ च्या एका लेखात तो म्हणतो की जेम्स ब्राऊनचं गाणं एखाद्या बँकेत लावून बघा, ती जागाच बदलून जाईल. म्हणजे ज्याला लोक नाचगाणं म्हणून हिणवतात ते आपली वस्ती सोबत घेऊन फिरतं. जयंतीच्या डीजेपुढं नाचणाऱ्या पोरांना शिव्या घालण्याआधी आपल्या कार्यकर्त्यांनी या वाक्याशी थोडं थांबावं.

बाईच्या बाबतीत मात्र जोन्स कमी पडतो. ते काम केलं अँजेला डेव्हिसनं. १९७० साली तुरुंगात गेलेली, १९७२ साली निर्दोष सुटलेली डेव्हिस. १९९८ च्या पुस्तकासाठी तिनं मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या मिळतील तेवढ्या रेकॉर्ड ऐकून गाणी शब्द न् शब्द उतरून काढली. नवऱ्याचा मार, घर सोडून निघणं, स्वतःच्या देहाची मर्जी. जे सभेत बोलता येत नव्हतं ते या बायकांनी हजारोंपुढं गाऊन सांगितलं. ही मेहनत बघून मला माझ्या आईची जात्यावरची ओवी आठवली, आणि ती आपण कधी उतरून घेतली नाही याची लाजही वाटली.

आता तिसरं वाचन.

जोन्स म्हणतो, शिकलेल्या काळ्या मध्यमवर्गाला ब्लूजची लाज वाटायची. गुलामीची खूण म्हणून त्यांनी तो टाकला, गोऱ्यासारखं व्हायला बघितलं. हे वाचलं आणि बाप आठवला.

माझा आजा गावकीचा हलगीवाला. पाटलाच्या वरातीत हलगी पुढं, पंगतीत पत्रावळ मागं. पोळा, जत्रा, मयत, काहीही असो. सांगावा आला की उठायचं, ताप असला तरी. बापाच्या हातात आज्यापेक्षा भारी हात होता म्हणतात. पण बापानं बाबासाहेब वाचले आणि एका पोळ्याला हलगी खुंटीला टांगली. गावानं दोन वर्षं बलुतं बंद केलं. बाप खडी फोडायला गेला, पण हलगी काढली नाही. घरच्या लग्नातसुद्धा नाही. कुठं मिरवणूक जायला लागली की त्याची बोटं मांडीवर चालायची. मी बघितलं की थांबायची.

काय जोन्ससाहेब, माझा बाप लाजला होता का?

इथं पुस्तक अडतं. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत निघाले. १७४० च्या कायद्यानं गुलामांच्या ढोलांवर बंदी आली. तिथं ढोल हिसकावून घेतला, म्हणून तिथं वाजवणं हेच बंड. इथं ढोल गळ्यात बांधला, जातीनं, जन्मानं. म्हणून इथं न वाजवणं हे बंड. जोन्सच्या मांडणीत संगीत टाकणारा माणूस म्हणजे वर सरकू पाहणारा मध्यमवर्गीय. खडी फोडणाऱ्या माणसाच्या नकाराला तिथं खाना नाही. १९७२ साली आपण पँथर हे नाव तिकडून घेतलं, ते जोमानं वापरलं. पण विश्लेषण उसनं घेऊन भागणार नाही. ते इथंच घडवावं लागेल.

आता मोर्च्यात पोरं हलगी वाजवतात. तेच कातडं, त्याच काड्या. आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, जातीची खूण, फेका. दुसरा म्हणतो, आपली कला, जपा. दोघंही हलगीकडं नाम म्हणून बघतात. जोन्सचाच धडा घ्या, क्रियापद बघा. मी तीन प्रश्न विचारतो. वाजवणाऱ्याला कुणी बोलावलं? दाम कुणी ठरवला? आणि नाही म्हणायची सोय होती का? आज्याला नव्हती. बापानं ती किंमत मोजून मिळवली. मोर्च्यातल्या पोराला ती आहे, म्हणून त्याच्या हातात त्याच हलगीचा अर्थ बदलला. हेच प्रश्न हेंडरसनला लावा, थॉर्न्टनला लावा, उद्या आपल्या गायकाला कंपनी करारपत्र देईल तेव्हा लावा. अर्थ सुरात असतो, शब्दात असतो, पण या तीन उत्तरांशिवाय तो पुरा होत नाही.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या अंकासाठी लेख पाठवताना नुसते गाण्याचे शब्द लिहून पाठवू नका. कोण गायलं, कुणापुढं, ठेका कुठला, हातात काय पडलं, तेही लिहा. आईला, आजीला विचारा. आणि ज्यांच्या घरात खुंटीला हलगी टांगलेली आहे त्यांनी ती कधी टांगली, का टांगली, त्याची नोंद करा. न वाजलेल्या हलगीचा इतिहास विद्यापीठवाला लिहायला येणार नाही.

जयभीम.