वाळूतून उठलेले विमान

जुन्या विमानपटांची चर्चा निघाली की बहुधा युद्धपटांचीच नावे पुढे येतात. आम्हांस मात्र सर्वांत अस्वस्थ करून गेला तो ज्यात युद्ध नाही असा चित्रपट : रॉबर्ट ऑल्ड्रिच यांचा ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ (१९६५). एलेस्टन ट्रेव्हर यांच्या १९६४ मधील कादंबरीवर तो बेतलेला आहे.

वादळात सापडलेले एक मालवाहू विमान सहारात कोसळते. हे फेअरचाइल्ड सी-८२ ‘पॅकेट’, दोन शेपटदांड्यांचे, बोजड. (पॅकेट हे नाव आपल्याकडे अपरिचित नाही, त्याच घराण्यातले पुढचे सी-११९ भारतीय हवाई दलाने लडाखच्या उंच धावपट्ट्यांवर उतरवले होते.) पाणी मोजके, सुटकेची आशा नाही. तेव्हा डॉर्फमन नावाचा एक जर्मन तंत्रज्ञ म्हणतो, मोडक्या विमानातून एका इंजिनाचे छोटे विमान बांधता येईल. सारे राबू लागतात आणि काम संपत आल्यावर कळते की हा गृहस्थ खेळण्यातली विमाने आखणारा आहे! वैमानिक हादरतो. डॉर्फमनचे उत्तर मात्र बिनतोड : तत्त्वे तीच, शिवाय छोट्या विमानाला सावरायला आत वैमानिक नसतो, म्हणून त्याची आखणी अधिकच चोख असावी लागते. हार्डी क्रूगर यांनी हा ताठा विलक्षण संयमाने उभा केला आहे.

वैमानिकाच्या भूमिकेतील जेम्स स्ट्युअर्ट हे महायुद्धात स्वतः बॉम्बफेकी विमाने चालवलेले गृहस्थ. इंजिन चालू करण्याची काडतुसे मोजकी उरलेली असताना, डॉर्फमनचा विरोध डावलून ते एक काडतूस निव्वळ सिलिंडर साफ करण्यासाठी उडवतात. पुस्तकी ज्ञान व हाताचा अनुभव यांचा झगडा इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी दाखवला असेल. वाळवंटात नर्तिकेचा भास होण्याचा प्रसंग मात्र निव्वळ भरणा. तो गाळला असता तर काहीच बिघडले नसते.

पण या समीक्षेला एक अवघड बाजू आहे. पडद्यासाठी खरेच उडणारे विमान बांधले गेले होते. ऑटो टिम यांनी त्याची आखणी केली. पंख एका बीचक्राफ्टचे, इंजिन एका सरावविमानाचे. ८ जुलै १९६५ रोजी ॲरिझोनातील युमाजवळ, चित्रीकरणाच्या दुसऱ्या फेरीत, ते जमिनीला लागून दुभंगले आणि पॉल मँट्झ मरण पावले. ‘ट्वेल्व्ह ओ’क्लॉक हाय’ (१९४९) साठी चार इंजिनांचे बी-१७ एकट्याने पोटावर उतरवणारे हेच ते मँट्झ. चित्रपटाच्या अखेरीस त्यांना श्रद्धांजली वाहिलेली आहे.

२००४ मध्ये याच कथेवर नवा चित्रपट निघाला. संगणकाने निर्मिलेली त्यातली उड्डाणे आम्हांस पोकळ वाटली. तसे लिहिताना लेखणी अडखळते. कारण जुन्यातले जे आम्हांस भरीव वाटते, त्याची किंमत एका माणसाने प्राणाने मोजली आहे. दुसरी फेरी घेतली नसती तर चित्रपट आमच्या लेखी उणा ठरला असता काय? तसे वाटत नाही.

मँट्झ यांच्यामागे राहिलेली दृश्ये एका जुन्या नॉर्थ अमेरिकन ओ-४७ विमानावर उरकण्यात आली. बारकाईने पाहिल्यास हा बदल ध्यानात येतो. आम्हांस तो खटकला नाही.