लिग्निन-कर्बोदक बंध : पुराव्याची चिकित्सा

लाकडातील लिग्निन व हेमिसेल्युलोज सहसंयुज बंधांनी जोडलेली असतात, हे मत रूढ आहे. प्रश्न पुराव्याचा आहे. ब्यर्कमन यांनी १९५७ मध्ये लाकडाच्या अतिसूक्ष्म चूर्णातून लिग्निन-कर्बोदक संमिश्र वेगळे केले. परंतु दोन द्रव्ये एकत्र निघाली, एवढ्यावरून त्यांच्यातील बंध सिद्ध होत नाही. शिवाय चूर्ण करतानाच काही बंध तुटतात. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी पाइनच्या लाकडातील मॅनोजचा सहावा कार्बन व लिग्निनचे आल्फा स्थान यांमधील ईथर बंध अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने प्रत्यक्ष दाखविला. हा पुरावा भक्कम असला, तरी तो एकाच बंधापुरता आहे. कागदाच्या लगद्यात उरणाऱ्या लिग्निनचे खापर सर्वच बंधांवर सरसकट फोडणाऱ्यांनी ही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.