मीनाबाईंना झोपायला पाठवू नका

भुतांना मी भितो. हे वाक्य साताऱ्यात उघडपणे बोलायची सोय नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याने निदान चारचौघांत तरी शूर असावे लागते. पण नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथा मी पांघरुणात शिरून वाचल्या आहेत, आणि नंतर स्वयंपाकघरापर्यंत जायची छाती न झाल्याने सकाळपर्यंत तहानलेला राहिलो आहे.

तेव्हा एक गोष्ट कधी खटकली नाही. आमच्या भुताखेतांच्या मुलखात बायकांना जागा दोनच. एक तर हडळ होऊन चिंचेवर बसायचे, नाही तर केस मोकळे सोडून घुमायचे. लिंबू, अंगारा आणि अक्कल पुरुषांकडे!

मागच्या पावसाळ्यात बहिणीने सांगलीला बोलावले. भाची दवाखान्यात नर्स आहे आणि महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी करते. “दादा, तुझं ती ऐकते. तिची समजूत घाल,” एवढेच माझे काम होते.

भाचीच्या टेबलावर लॉरेल हॅमिल्टनबाईंच्या ‘अनिता ब्लेक’ मालिकेची चळत होती. पहिले पुस्तक १९९३चे. ही अनिता अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मेलेल्यांना उठवण्याची नोकरी करते, आणि गुन्हेगार रक्तपिपाशांना ठार मारण्याचा रीतसर परवाना बाळगते. भुताचा नायनाटसुद्धा कागदोपत्री!

“यात एवढं काय आहे गं?” मी विचारले.

“मामा, तिला रोज कामावर जायचं असतं,” ती म्हणाली.

मी टीकाकाराच्या आवेशात सांगितले, की ही सगळी नक्कल. मूळ ‘ड्रॅक्युला’ वाच.

“वाचलाय. तुम्ही त्यातली मीना नीट वाचलीत का?”

नव्हती वाचली. मग वाचली. दिवा लावून.

ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ची. मीना हार्करला लघुलेखन येते, टंकलेखन येते, आगगाडीचे वेळापत्रक तोंडपाठ. साऱ्यांच्या रोजनिशा टंकून, तारीखवार लावून तीच हातात देते. आणि मग पुरुषमंडळी काय ठरवतात? पुढचे काम बाईमाणसाचे नव्हे. तुम्ही आपल्या झोपा. मंडळी शेजारच्या पडक्या वाड्यात ड्रॅक्युलाला शोधायला जातात, आणि तो येतो नेमका मीना झोपली आहे तिथे! पुढे पळणाऱ्या ड्रॅक्युलाचा नदीतला मार्ग तर्काने शोधते तीही मीनाच.

काळजीने माणूस किती आंधळा होतो, हे मला त्या पानावर कळले. समजूत घालायला आलेला मी त्याच पुरुषमंडळींपैकी होतो.

शंभर वर्षांनी, १९९७ साली, दूरचित्रवाणीवर ‘बफी’ आली. भयपटात पोरगी अंधाऱ्या गल्लीत शिरली की प्रेक्षक म्हणणार, ही गेली! इथे मात्र पोरगी धडधाकट बाहेर येते. गल्लीतला राक्षस येत नाही. या नायिकांचे आकर्षण मला वाटते ते हेच. त्यांना रात्र माफ नसते, पण बंदही नसते.

खोट काढायची तर एक आहे. पुढच्या पुढच्या भागांत अनिताबाईंच्या अंगी इतक्या शक्ती येतात, की त्यांची धास्ती वाटेनाशी होते. नायिका खरी ती, जी भिते आणि तरी वेळेवर हजेरी लावते.

त्या रात्री भाचीला दवाखान्यापर्यंत सोडायला मीच निघालो. गल्लीत चार कुत्री उभी होती. मी थांबलो. ती “हाड” म्हणाली आणि पुढे गेली. फाटकापाशी वळून म्हणाली, “मामा, घरी पोचलात की फोन करा हं.”

पोचलो. आधी फोन केला. बहीण जागीच होती.

“काय रे दादा, घातलीस का समजूत?”

“हो,” मी म्हणालो, “एका माणसाची घातली. आता तुझी राहिली.”