'सोयरे' या शब्दाविषयीं

ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्यास निघाली म्हणजे विश्रांतवाडीवरून जाते, आणि तिच्याबरोबर तुकोबांचे अभंगही जातात. त्यांपैकीं वृक्षवेलींना सोयरे म्हणणारा अभंग आम्हां शिकलेल्यांच्या विशेष आवडीचा. वृक्षारोपणाचा समारंभ त्यावांचून सहसा पार पडत नाहीं. परंतु आम्ही त्याचें जें वाचन करतों तें आमच्या मतें उथळ आहे. इंग्रजी निसर्गकाव्याच्या संस्कारामुळें आम्ही त्यांत वर्णन शोधतों, आणि वर्णन तर त्यांत थोडेंच आहे. आकाश, भूमि, वारा हीं तेथें एकांतांत हरिचिंतन करणाऱ्या भक्ताच्या संसाराचीं साधनें होतात.

अभंगाचा सारा भार आहे तो 'सोयरे' या शब्दावर. सोयरीक म्हटली कीं देणेंघेणें आलें, अडीअडचणीस धांवून जाणें आलें. देहूच्या या दुकानदार कवीनें तो शब्द न तोलतां योजिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. लोकांकडील येण्याचीं खतें त्यानें इंद्रायणींत बुडविलीं अशी आख्यायिका आहे. त्याच नदीनें तेरा दिवसांनीं त्याची गाथा परत दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

त्या इंद्रायणीवर आळंदीस २०२४ सालीं रासायनिक सांडपाण्याचा पांढरा फेस अनेकदां तरंगतांना दिसला. कारखान्यांचा माल आम्ही वापरावा, आणि त्यांचें सांडपाणी वारकऱ्यानें तीर्थ म्हणून ओंजळींत घ्यावें, ही कोणती सोयरीक? अभंगाचा अर्थ लावतांना हा हिशेब टाळणारी रसिकता आम्हांस तरी अपुरी वाटते.