जिन्यातली राणी : ज्वाँव्हीलच्या ग्रंथातली मार्गरीत

आज एका जुन्या ग्रंथाकडे जरा वाकड्या बाजूनं बघायचं आहे. ग्रंथ एका राजाचा, आणि बघायचं आहे त्यातल्या राणीकडे.

फ्रान्सचा राजा नववा लुई १२७० मध्ये ट्युनिसजवळ धर्मयुद्धाच्या मोहिमेत वारला. १२९७ मध्ये चर्चनं त्याला संत ठरवलं. त्याचा सहकारी, शँपेन प्रांताचा सेनेशाल झाँ द ज्वाँव्हील, यानं त्याचं चरित्र लिहिलं आणि १३०९ मध्ये पूर्ण केलं. तेव्हा त्याचं वय ऐंशीच्या पुढे होतं. मध्ययुगातली संतचरित्रं बहुतेक लॅटिनमध्ये आणि धर्मगुरूंच्या हातची. हे मात्र एका सरदारानं, बोलत्या फ्रेंचमध्ये, आठवेल तसं सांगितलेलं आहे. म्हणून सातशे वर्षांनंतरही ते वाचवतं.

या ग्रंथातला एक प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. लुईची आई ब्लांश फार करडी. मुलानं आणि सुनेनं दिवसा एकत्र बसलेलं तिला खपत नसे. पाँत्वाझच्या वाड्यात राजाची खोली वर, राणीची खाली, आणि मध्ये एक गोल जिना. नवराबायको त्या जिन्यात गप्पा मारत बसायची. राजमाता येताना दिसली की दारावरचे चोपदार काठीनं दार ठोकायचे, की दोघं आपापल्या खोलीत पसार.

ऐकलं की हसू येतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका व्याख्यानात आम्हीही हा प्रसंग हशा मिळवण्यासाठीच सांगितला होता. सासुरवास राजवाड्यालाही चुकत नाही, असं म्हणालो. टाळ्या मिळाल्या. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्या बाईंनी विचारलं, "पुढं तिचं काय झालं?" आम्हाला चार वाक्यांच्या पलीकडे सांगता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

तर ही सून कोण? मार्गरीत. प्रोव्हान्सचा काउंट रेमाँ बेराँझे आणि सावॉय घराण्यातली बेआत्रीस यांची थोरली मुलगी, जन्म १२२१. मे १२३४ मध्ये साँस इथल्या कॅथेड्रलमध्ये लुईशी लग्न झालं, दुसऱ्या दिवशी राज्याभिषेक. नवरा वीस वर्षांचा, ती तेराची. पाठच्या तीन बहिणी. एलिनॉर १२३६ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला दिली. सांचा हेन्रीचाच भाऊ रिचर्ड याला, जो पुढे जर्मनीचा राजा म्हणून निवडला गेला. धाकटी बेआत्रीस लुईचा भाऊ शार्ल याला, जो पुढे सिसिलीचा राजा झाला. म्हणजे चार बहिणी, चौघीही राण्या. आणि दोन सख्ख्या भावांच्या घरात दोन सख्ख्या बहिणी, तेही दोनदा! दान्तेनं आपल्या 'पारादीसो'मध्ये या चौघींचा उल्लेख केलाय. पण तिथं श्रेय जातं काउंटचा कारभारी रोमेओ याला. मुली म्हणजे त्याच्या कर्तबगारीचा हिशेब. नावंसुद्धा नाहीत.

आता जिन्याकडे परत येऊ. ब्लांश अशी का वागली? स्वभाव, असं उत्तर देऊन मोकळं होता येतं. पण ब्लांश स्वतः कास्तीलची. १२०० साली, बारा वर्षांची असताना, परकी मुलगी म्हणून फ्रान्समध्ये आलेली. १२२६ मध्ये नवरा वारला, मुलगा बारा वर्षांचा, सरदार बंडाच्या पवित्र्यात. तिनं राज्य राखलं. सुनेबरोबर सुनेचं माहेरही दरबारात शिरतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ही भीती खरी होती का? ते तपासायला इतिहासानं एक सोयीची तुलना ठेवली आहे. तेच माहेर, तेच मामा, फक्त दरबार दुसरा. इंग्लंडमध्ये एलिनॉरच्या पाठोपाठ सावॉयचे मामा आले. एक, पीटर, रिचमंडच्या जहागिरीचा धनी झाला. दुसरा, बोनिफेस, कँटरबरीचा आर्चबिशप. इंग्लिश सरदार या परक्यांवर चिडले, आणि राजाविरुद्ध पुढे जो उठाव झाला त्यात या रागाचा वाटा होता. फ्रान्समध्ये यातलं काही घडलं नाही. ब्लांशनं घडू दिलं नाही. तेव्हा दारावरची ती काठी निव्वळ खाष्टपणाची नव्हती. तिच्यामागे राजकारण होतं, आणि ते यशस्वी झालं. त्याची किंमत एका तरुण मुलीनं मोजली. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि 'सासुरवास' म्हटलं की दोन्ही दिसेनाशी होतात.

आता जरा टीकाकाराचा प्रश्न. हा प्रसंग ज्वाँव्हीलला कळला कसा? लग्नानंतरच्या त्या वर्षांत तो शँपेनमधला पोरसवदा मुलगा होता. राजाच्या निकट आला तो १२४८ नंतर, मोहिमेवर. मग जिन्यातल्या गप्पा त्याला कोणी सांगितल्या? असाच दुसरा प्रसंग बघा. एकदा बाळंतपणात मार्गरीतची अवस्था नाजूक झाली. लुई शेजारी बसलेला. ब्लांश आली, त्याचा हात धरून म्हणाली, चल, तुझं इथं काही काम नाही. तेव्हा मार्गरीत ओरडली की जिवंतपणी नाही आणि मरतानाही नाही, माझ्या धन्याला तुम्ही मला बघूच देणार नाही का! आणि तिची शुद्ध हरपली. हे बाळंतिणीच्या खोलीतलं आहे. तिथंही ज्वाँव्हील नव्हता.

तिसरा प्रसंग सगळ्यात मोठा. १२५०, इजिप्तमधलं दमिएता शहर. लुई सैन्यासह सुलतानाच्या कैदेत. ज्वाँव्हीलही कैदेत. शहरात राणी, दिवस भरलेले. झोपेत तिला वाटायचं खोलीत शत्रू शिरलेत, आणि ती किंचाळून उठायची. पलंगाच्या पायथ्याशी ऐंशी वर्षांचा एक म्हातारा नाइट तिचा हात धरून झोपायचा. बाळंत होण्याआधी तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्या म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकून एक वचन मागितलं: शहर पडलं तर त्यांच्या हाती लागण्याआधी माझं डोकं उडवा. तो म्हणाला, बाईसाहेब, मी मनाशी तेच ठरवलं होतं.

मुलगा झाला. नाव झाँ, पण दुःखात जन्मला म्हणून त्रिस्ताँ म्हणू लागले. त्याच दिवशी तिला कळलं की पिसा, जिनोव्हा वगैरे शहरांचे लोक दमिएता सोडून निघालेत. ते गेले की शहर गेलं, आणि राजाच्या सुटकेसाठी देण्याजोगं हातात काही उरलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. पलंगावर पडल्या पडल्या विनवणी केली, निदान मी उठेपर्यंत तरी थांबा. ते म्हणाले, उपाशी मरतोय. ती म्हणाली, शहरातलं सगळं अन्न मी विकत घेते, आणि तुम्हाला राजाच्या खर्चानं ठेवते. ज्वाँव्हील आकडा देतो: तीन लाख साठ हजार लिव्हर आणि वर. ते थांबले. पुढे याच दमिएताच्या बदल्यात राजा सुटला, आणि त्याच्या माणसांसाठी चार लाख लिव्हर ठरले. एक दिवसाची बाळंतीण आणि एक सौदा, यावर फ्रान्सचा राजा परत आला. असं असून आपण तिला जिन्यासाठी लक्षात ठेवतो!

तर आमचं म्हणणं असं. बंद खोलीतला संवाद, मागितलेलं वचन, मनातली भीती, हे बाहेर आलं ते तिच्याच तोंडून, असं मानायला भरपूर जागा आहे. मोहिमेची पुढची वर्षं ज्वाँव्हील तिच्या सहवासात होता, आणि दोघांत चेष्टा चालायची. एकदा त्यानं कापडाचे तागे पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तिच्याकडे पाठवले. तिला वाटलं संतांचे पवित्र अवशेष, म्हणून ती गुडघ्यावर बसली. उघडलं तर कापड! तिनं निरोप धाडला, तुमच्या मालकाचं वाटोळं होवो, मला कापडापुढे गुडघे टेकायला लावले. अशी ओळख असलेल्या माणसालाच बाई जिन्यातलं सांगते. म्हणजे संताच्या चरित्राच्या पोटात एका राणीचं अर्धंमुर्धं आत्मकथन लपलेलं आहे.

इतिहासकार मार्क ब्लॉकनं साक्षींचे दोन प्रकार सांगितले. काही साक्षी मुद्दाम दिलेल्या असतात, काही नकळत. ज्वाँव्हीलची मुद्दाम दिलेली साक्ष एकच: लुई संत होता. राणीबद्दल तो बोलतो ते जाता जाता, आणि त्यातून जे निसटतं ते त्याच्या मुख्य साक्षीला छेद देतं.

हा छेद त्याला स्वतःलाही जाणवला होता. नोव्हेंबर १२५२ मध्ये ब्लांश वारली. बातमी कळल्यावर मार्गरीत रडत होती. ज्वाँव्हीलनं तोंडावर विचारलं, जिचा तुम्हाला सर्वांत जास्त तिटकारा तीच गेली, मग हे रडणं कसलं? ती म्हणाली, तिच्यासाठी नाही. राजाला दुःख झालंय म्हणून, आणि माझी मुलगी आता पुरुषांच्या ताब्यात राहिली म्हणून. आणि दुसऱ्या एका ठिकाणी तो नोंदवतो की पाच वर्षं आपण राजाजवळ आहोत, पण त्याच्या तोंडून बायकोमुलांचा विषय कधी ऐकला नाही. बायकोमुलांशी इतकं परकं असणं आपल्याला बरं वाटत नाही. भक्तानं देवाबद्दल काढलेलं हे वाक्य आहे. अख्ख्या ग्रंथात आम्हाला याहून धीट वाक्य सापडत नाही.

इथं तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं थांबायला हवं. लुई गरिबांना आपल्या हातानं वाढायचा, त्यांचे पाय धुवायचा. सगळ्यांवर सारखं प्रेम करणारा माणूस जवळच्या माणसाला देणं लागतो की नाही? की जवळचं माणूस हेच त्या प्रेमाचं भांडवल, सगळ्यांत आधी खर्ची पडणारं? आणि घाईनं निकालही देऊ नये. कैदेत असताना, राणी खंडणी देईल का असं विचारल्यावर लुई म्हणाला की ते सांगता येत नाही, ती माझी स्वामिनी आहे. हेही ज्वाँव्हीलनंच नोंदवलंय. आदर होता. सहवास नव्हता.

ग्रंथ काय सांगत नाही, तेही बघू. राजकारणी मार्गरीत ज्वाँव्हीलकडे जवळजवळ नाहीच. १२४५ मध्ये वडील वारले आणि प्रोव्हान्स धाकट्या बेआत्रीसला देऊन गेले. तिच्या लग्नानं ते शार्लच्या घशात गेलं. मार्गरीतला तर ठरलेला हुंडाही पुरता मिळाला नव्हता. हा दावा तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. सगळ्यात चमत्कारिक कागद १२६३ चा. तिनं मुलगा फिलिप याच्याकडून शपथ घेतली होती: तिसाव्या वर्षापर्यंत आईच्या आज्ञेत राहीन, काका शार्लशी हातमिळवणी करणार नाही, आईविरुद्ध कोणी बोललं तर तिला सांगेन. लुईला कळलं. पोप चौथ्या अर्बननं त्या वर्षी फिलिपला शपथेतून मोकळं केलं.

या शपथेत आम्हाला ब्लांश दिसते. जिच्या काठीच्या आवाजानं ही मुलगी जिन्यातून पळायची, तिच्याकडूनच ती शिकली होती की या राज्यात बाईचा हात सत्तेपर्यंत पोचतो तो मुलाच्या खांद्यावरून. फरक इतकाच, की ब्लांशचा मुलगा बारा वर्षांचा होता आणि नवरा गेलेला. मार्गरीतचा नवरा जिवंत होता, आणि त्यानं मोहिमेवर जाताना राज्य आईकडे सोपवलं होतं.

तिनं हार मानली असं मात्र नाही. १२५४ च्या नाताळात पॅरिसमध्ये चौघी बहिणी आणि आई एकत्र आल्या. फ्रान्स-इंग्लंडच्या दोन राजघराण्यांतला दुरावा त्या भेटीत सैल झाला, आणि १२५९ मध्ये पॅरिसचा तह झाला. १२६४ मध्ये एलिनॉर संकटात सापडली तेव्हा मार्गरीत तिच्या मागे उभी राहिली. साठाव्या वर्षी, १२८१ मध्ये, तिनं माकाँ इथे शार्लविरुद्ध सरदारांची फळी उभी केली. ट्युनिसच्या मोहिमेत नवऱ्याच्या काही दिवस आधी तो त्रिस्ताँही गेला होता. ती स्वतः डिसेंबर १२९५ मध्ये गेली. नवरा संत झालेला तिनं पाहिला नाही.

आता शेवटचं. हा ग्रंथ लिहायला ज्वाँव्हीलला सांगितलं कोणी? चौथ्या फिलिपची राणी, नव्हारची झान हिनं. तीही ग्रंथ पुरा होण्याआधी, १३०५ मध्ये वारली. एका राणीनं मागितलेल्या ग्रंथात एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या राणीच्या आठवणी पेरल्या, तेव्हा वाचणारी कोण हे त्याच्या मनात नसेल असं आम्हाला वाटत नाही.

म्हणून एक विनंती. हा ग्रंथ हाती आला तर जिन्याच्या प्रसंगाला हसा, जरूर हसा. ती दोघंही त्या वेळी हसली असतील. पण पान उलटून दमिएतापर्यंत जा. श्रोत्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. आम्ही ते त्या दिवशी दिलं नाही, कारण तिथपर्यंत वाचलं होतं, पण तिच्यासाठी वाचलं नव्हतं.

थांबतो.