‘किमाई’ची स्थापना : यंत्राची मांडणी आणि मिनिटांचा हिशेब

कामाच्या तासांची नोंद ठेवणाऱ्या आणि ब्राउझरमधून चालणाऱ्या संगणकप्रणालींत ‘किमाई’ ही विशेष विचारार्ह होय. ती पीएचपी भाषेत, सिम्फनीच्या चौकटीवर रचलेली असून २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिला एजीपीएल परवाना लागू आहे. कोणत्याही संस्थेस ती आपल्या सर्व्हरवर विनामूल्य बसविता येते. मात्र बसविणारा मनुष्य बसविता बसविता आणखी काय ठरवून जातो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

स्थापनेचा पूर्वार्ध निर्दोष म्हणावा असा आहे. कंपोझरने आवश्यक ग्रंथालये आणावीत, ‘.एन्व्ह’ या फाइलीत मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल डेटाबेसचा पत्ता व पासवर्ड लिहावा, ‘व्हार’ हे फोल्डर वेबसर्व्हरला लिहिण्यायोग्य करावे आणि संकेतस्थळाचे मूळ ‘पब्लिक’ या फोल्डरवरच ठेवावे. हा शेवटचा नियम मोडल्यास पासवर्डाची फाइल जगास उघडी पडण्याचा धोका असतो. या टप्प्यावरील बहुतेक चुका यंत्र स्वतःच सांगते. पासवर्ड चुकला तर डेटाबेस दार उघडीत नाही. फोल्डरचे अधिकार चुकले तर पान उमटत नाही.

उत्तरार्धात मात्र यंत्र मुके होते. राउंडिंगचा, म्हणजे मिनिटे ठराविक टप्प्यावर नेऊन बसविण्याचा, नियमच पाहावा. आरंभ व शेवट या दोहोंस पंधरा मिनिटांचा टप्पा दिला आहे, आणि कामगाराने ९.०८ ते १७.५२ असे ८ तास ४४ मिनिटे काम केले आहे, असे समजू. ‘डिफॉल्ट’ पद्धतीत आरंभ मागे व शेवट पुढे सरकतो, नोंद ९.०० ते १८.००, म्हणजे ९ तासांची होते. तेथे ‘क्लोझेस्ट’ हा शब्द घातला, तर ती ९.१५ ते १७.४५, म्हणजे साडेआठ तासांची होते. एका शब्दाने अर्ध्या तासाचे अंतर पडते आणि दोन्ही वेळा यंत्र समाधानी असते! शिवाय हीच नोंद पगारासाठी वापरली की ग्राहकाच्या बिलासाठी, यावर या अर्ध्या तासाचा धनी बदलतो. दिवसाच्या कामाच्या पाच नोंदी केल्या तर हा नियम पाचही वेळा लागतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

कालविभागाचे तसेच आहे. नोंद यूटीसीमध्ये साठविली जाते आणि सदस्याच्या कालविभागानुसार दाखविली जाते. पुण्यातील सदस्याचा कालविभाग चुकून यूटीसीच राहिला, तर पहाटे साडेचारला सुरू केलेले काम आदल्या दिवशी रात्री ११ ला सुरू झालेले दिसते. महिन्याच्या पहिल्या तारखेस ते मागील महिन्यातच जाते. (१९०६ मध्ये गिरण्यांची घड्याळे नव्या प्रमाणवेळेवर नेली गेली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार खवळून उठले होते, घड्याळ कोणी लावावे हा वाद येथे नवा नाही.)

‘पंच’ पद्धती वरकरणी सर्वांत न्याय्य दिसते : सदस्याने केवळ सुरू करावे व थांबवावे, वेळेत हात घालू नये. परंतु नोंद थांबविण्यास विसरलेल्या मनुष्याला दुरुस्तीसाठी वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते. शिस्त येथे एकाच बाजूला लागू होते, हा या पद्धतीचा खरा दोष.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी, स्पेनमधील एका कामगार संघटनेच्या दाव्यात, दैनिक कामाचे तास मोजणारी व्यवस्था वस्तुनिष्ठ, विश्वसनीय आणि सुलभ असली पाहिजे असा निर्णय दिला. यांपैकी सुलभतेची कसोटी ‘किमाई’ सहज उतरते. विश्वसनीयतेविषयी मात्र तसे म्हणवत नाही. कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली याचा इतिहास मूळ प्रणालीत मिळत नाही. त्यासाठी वेगळी जोडप्रणाली विकत घ्यावी लागते. आणि ती घेतली तरी, ‘.एन्व्ह’ फाइलीतील पासवर्ड ज्याच्या हाती आहे तो थेट डेटाबेसात शिरून कोणाचीही सकाळ पुढेमागे करू शकतो. ही किल्ली आणि पगारपत्रक ही दोन्ही एकाच व्यक्तीकडे असू नयेत, ही व्यवस्था स्थापनेपूर्वीच, आणि कामगारांच्या प्रतिनिधींसमक्ष, ठरली पाहिजे.